संगणकावर बांधलेलं घर

"येच्या आदी काय हाय?"

कोणतंही काम सांगा, त्याचा पहिला प्रश्न हाच. आणि सोबत उजव्या हाताचं बोट टेबलावर डावीकडून उजवीकडे एक आडवी रेघ ओढायचं. टेबल नसलं तर स्कूटरची सीट चालायची, सीट नसली तर स्वतःची मांडी. एकदा मी म्हणालो, "चल, कँटीनला चहा घेऊ." त्यानं मांडीवर रेघ ओढली. "येच्या आदी काय हाय भाऊ? कुपन. कुपन हाय का तुमच्यापाशी?" माझ्यापाशी नव्हतं. त्याच्या खिशात माझ्यासाठीही होतं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं सहसा चुकत नाही, आणि चुकलंच तर ती स्वतःच आधी हसून मोकळी होतात. शेजाऱ्याच्या पोटात दुखावं एवढ्यासाठीच देव त्यांना घडवत असावा. माझ्या पोटात तो कित्येक वर्षं दुखला.

आम्ही दोघं भिलाईच्या प्लांटमध्ये, प्लॅनिंग सेक्शनला. मी पुलगावचा, तो आर्वीकडचा, म्हणजे दोघंही वर्ध्याचेच. सेक्टरमध्ये क्वार्टर्सही समोरासमोर. फर्नेस दुरुस्तीसाठी बंद करायची झाली की कोणतं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार याचा तक्ता आमचा सेक्शन करायचा. तो तक्ता ग्राफच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी मी काढायचो. वेल्डिंगला लाल, पाइपांना निळा, विटकामाला तपकिरी. बाहेरचे पाहुणे आले की साहेब त्यांना माझ्या भिंतीपुढं उभं करायचे. ही बढाई समजू नका. तक्ते भिंतीवर होते, सगळ्यांनी पाहिलेत.

मग सेक्शनला संगणक आला. नव्वदीची सुरुवात असेल, इकडचं वेगळं राज्य झालं नव्हतं, आमच्यावर अजून भोपाळचं राज्य होतं. संगणकासोबत कामांचं नियोजन करणारं एक सॉफ्टवेअर होतं आणि ते शिकायला एका माणसाला रांचीला पाठवायचं होतं. सिनियर मी. मी बायकोला स्वेटर उन्हात टाकायलाही सांगितलं होतं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली आणि गोड हसून म्हणाले, "आप तो हाथ से ही इतना सुंदर बनाते हैं. आपको मशीन की क्या ज़रूरत?" आणि त्याला पाठवलं. स्तुती करूनही माणसाचा गळा कापता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

तो परतला तो फ्लॉपीचा डबा काखेत घेऊन. संगणकाला वेगळी खोली, तिला एसी, चपला दाराबाहेर काढायच्या. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. त्यात एकेक काम भरायचं, त्याला लागणारा वेळ भरायचा आणि ते कोणत्या कामानंतर येतं तेही भरायचं. मग एक बटण दाबलं की मशीन सांगायचं, कोणती कामं जराही सरकली तर सगळंच लांबेल, आणि कोणती थोडी रेंगाळली तरी चालेल. त्या रेंगाळण्याला फ्लोट म्हणतात. हे मला ठाऊक होतं, पण त्याच्याकडून ऐकायची वेळ आली होती.

"फ्लोट म्हणजे ढिलाई," मी म्हणालो.

"ढिलाई नाही भाऊ. उसंत. आपल्या वाट्याची उसंत कुठं हाय, हे ते सांगते."

इतकी वर्षं मी हेच काम करत होतो. हे वाक्य मला सुचायला हवं होतं. मी काही बोलणार तेवढ्यात प्रिंटर करकर करत सुरू झाला, आणि मला पेन्सिलींना टोक करायला जितका वेळ लागे तितक्या वेळात अख्ख्या दुरुस्तीचा तक्ता बाहेर लोंबायला लागला. त्यात रंग नव्हते. मी तेवढं बोलून दाखवलं.

हात बसावा म्हणून साहेबांनी त्याला ड्यूटी सुटल्यावर मशीनवर सराव करायची मुभा दिली होती. सरावाला कामं कुठली घ्यायची? यानं घरची घेतली. पहिली घेतली उन्हाळ्यातली कुरडई. गहू भिजवणं, पाणी बदलणं, चीक काढणं, शिजवणं, घालणं, वाळवणं, आणि कुरडयांच्या शेजारी बसून कावळे हाकलणं. रद्दी छपाईच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं ते सगळं छापलं आणि दोन्ही कडांना भोकं असलेली ती लांबलचक पट्टी बैठकीत दारापासून खिडकीपर्यंत ताणली. सेक्टरमधल्या बाया ती पाहायला जाऊ लागल्या. माझीही गेली.

परत आली ती पदरानं वारा घेतच. "त्याहिच्याकडं पाहा जरा. कूलरची खस मार्चातच बदलून मोकळे. तुमी पण तर प्लॅनिंगमधेच आहा ना?"

"मी फर्नेसचं प्लॅनिंग करतो. कूलरचं नाही."

"हो, दिसूनच राहिलं."

आमच्या कूलरची खस त्या वर्षी पाऊस लागल्यावर बदलली. बदलली हे महत्त्वाचं. पण असं म्हणायची सोय समोरच्या घरानं ठेवली नव्हती. त्यांच्या पोरीची वह्या-पुस्तकं शाळा उघडायच्या आधी कव्हर घालून तयार, त्यांचं लोणचं कैऱ्या स्वस्त असताना बरणीत, त्यांच्या स्कूटरची सर्व्हिसिंग स्कूटर कुरकुरायच्या आधी. जेवायला बसलं की माझ्या ताटात भाजीबरोबर समोरच्यांचं एखादं काम वाढलं जायचं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. पण आम्ही दोघांनी भिलाईजवळ जुनवानीला शेजारी शेजारी प्लॉट घेतले होते. तेव्हा तिथं लाल मुरूम, बाभळी आणि लांबवर धानाचे बांध. क्वार्टर रिटायर होईपर्यंतच आपलं. मग किल्ली परत द्यायची आणि सामान ट्रकवर चढवायचं. माझी पाळी आधी होती, त्याची वर्षभरानं. त्याच्या आत डोक्यावर स्वतःचं छप्पर हवं, नाहीतर आयुष्यभर ऑफिसर म्हणून मिरवल्यावर पुन्हा भाड्याची खोली शोधत फिरायचं. माझी बायको पुलगावला परत जायला तयार नव्हती आणि मी भाड्यानं राहायला. घर हाच काय तो उपाय होता.

मी माझं घर तोंडी बांधायला घेतलं. त्यानं त्याचं संगणकावर.

पहिला तक्ता छापून त्यानं सेक्शनमध्ये आणला आणि जाहीर केलं, "दसऱ्याले नव्या घरात." माझा तर पायाही खणून झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं तो तक्ता मिस्त्रीला वाचून दाखवला. मिस्त्री जुनवानीकडचाच, छत्तीसगढी. डोक्याचा गमछा काढून तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "साहब, रात पाली मा ईंटा कोन जोड़ही?"

रात्रपाळीत विटा कोण रचणार? झालं होतं असं की सॉफ्टवेअरमधलं कॅलेंडर फर्नेसच्या दुरुस्तीचं होतं. बंद फर्नेसला रविवार नसतो, तिन्ही शिफ्टला काम चालतं. यानं ते बदललंच नव्हतं. त्याच्या जोत्याचा भराव बी शिफ्टला होता, विटकाम सी शिफ्टला आणि दसऱ्याची घरभरणी पहाटे, ए शिफ्टच्या भोंग्याला. ही गोष्ट मी कँटीनमध्ये सांगितली, मग स्टोअर्समध्ये सांगितली, मग नंदिनीच्या खाणीतून एक ओळखीचा आला होता त्यालाही थांबवून सांगितली. पण मजा टिकली नाही, कारण माझ्या मागून तो स्वतःच येऊन सांगायचा, आणि त्याच्या तोंडून ती जास्त रंगायची.

त्यानं कॅलेंडर सुधारलं. रविवार टाकले, रात्र काढली. मग आला पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी प्लॉटवर गेलो तर घमेली उपडी पडलेली आणि एकही रेजा नाही. रेजा म्हणजे विटा-गारा वाहणाऱ्या बाया. शेवटची एक गाठोडं डोक्यावर घेऊन निघाली होती. तो तिला विचारत होता, "कहाँ जा रही हो? दीवार का काम कौन करेगा?"

"तीजा आए हे साहब," ती म्हणाली. "मइके जाबो."

इकडे तीजेला लग्न झालेली प्रत्येक बाई माहेरी जाते. भाऊ घ्यायला येतो, आई नवं लुगडं देते. प्लांटची फर्नेस थांबेल पण तीजा थांबणार नाही. बाया नाहीत म्हणून मिस्त्री नाही, मिस्त्री नाही म्हणून भिंत नाही. मशीनला हे कुठून ठाऊक? मी स्वतःच्या अर्धवट पायाच्या कडेला बसून मनसोक्त हसलो. माझंही काम बंद होतं, पण माझं तसंही बंदच असायचं.

"काय रे, तुझ्या मशीनले मायेर नाही वाटते?" मी विचारलं.

तो हसला नाही. रेजा बांधावरून जात होती तिकडे पाहत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं संगणकात पोळ्यापासून गणपतीपर्यंत सगळी सुट्टी टाकली, तीजा म्हणून, दरवर्षीसाठी. आणि त्याच दुपारच्या गाडीनं स्वतःच्या बायकोला आर्वीला पाठवलं. वहिनी लग्न झाल्यापासून कारणाशिवाय माहेरी गेल्या नव्हत्या. कोणाचं लग्न, कोणाचं तेरावं, एवढंच.

"आपल्यात तीजेले मायेरी जायची रीत कुठं हाय?" मी म्हणालो.

"कॅलेंडरात टाकली ना भाऊ. झाली रीत."

त्या संध्याकाळी माझ्या बायकोनं ताट माझ्यापुढं आपटलं. पुढच्या वर्षी तीही पोळा झाला की पुलगावला जायला लागली आणि येताना समोरच्यांसाठी माहेरचा चिवडा आणायला लागली. माझ्या सासुरवाडीचा चिवडा!

वर्ष गेलं. त्याच्या भिंती उभ्या राहिल्या, माझ्या खिडक्यांच्या वरपर्यंत येऊन थांबल्या. माझा मिस्त्री मोहन नगरला दुसरं काम धरून बसला होता. आज येतो, उद्या येतो. रिटायरमेंट जवळ येत होती. क्वार्टर सोडायची सूचना मी बायकोपासून लपवून कपाटात ठेवली, पण ती कपाट आवरणारी बाई होती.

"जा ना," ती म्हणाली. "भाऊजीले म्हणा, आमचंही घर मशीनमधे टाका."

"माझं घर माझ्या डोक्यात हाय."

"मंग डोक्यातच राहू आपण."

त्यानं आपणहून विचारलं, तेही दोनदा. मी दोन्ही वेळा म्हणालो, मला गरज नाही. भाड्यानं राहीन, पण याच्या पट्टीवर माझं नाव छापलेलं पाहणार नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. तुम्हाला हे मूर्खपणाचं वाटेल. वाटू द्या. ज्याच्यावर आपण जळतो त्याच्याच चुलीवर भाकर भाजणं फार अवघड असतं.

एका सकाळी प्लॉटवर गेलो तर माझ्या भिंतींवर स्लॅबसाठी सेंट्रिंगच्या फळ्या चढत होत्या. त्याचा मिस्त्री, त्याच्या रेजा, त्याची शिवनाथ नदीची रेती माझ्या दारात. शेजारी त्याचं घर उघडंच पडलेलं.

"ये का हे?" मी मिस्त्रीला विचारलं.

"साहब केहे हे, पहिली तुंहर छत ढलाई होही."

आधी तुमचं छत. मी स्कूटर तशीच वळवली आणि थेट त्या एसी खोलीत गेलो, चपला न काढता. "मी मांगतलं होतं का तुले?"

त्यानं की-बोर्डवरून हात काढला. "तुमी कायले मांगान? मशीननं सांगतलं." बोटानं टेबलावर रेघ ओढली. "हे तुमची रिटायरमेंट. हे माझी. माझ्यापाशी वर्ष हाय भाऊ. तुमच्यापाशी नाही. मिस्त्री एकच हाय. मंग आदी कोनाचं?"

"तुझं घर लांबेल."

"लांबू द्या ना. फ्लोट हाय."

मला आभार मानायचे होते. निघालं ते असं, "एसी कमी कर, कागद उडून राहिले." खरं सांगू? त्या दिवशी मी सगळ्यात जास्त जळलो. रांची मिळाली नाही, त्याचं दुःख विसरता आलं असतं. पण उसंत आपल्याकडे आहे म्हणून ती उचलून शेजाऱ्याला द्यायची, आणि वर नाव मशीनचं सांगायचं, ही अक्कल माझ्याकडे नव्हती, कुठल्या ट्रेनिंगला जाऊन मिळणारही नव्हती.

क्वार्टरची किल्ली मी वेळेत परत दिली आणि स्वतःच्या घरात झोपलो. घरभरणीला सगळा सेक्शन आला. जो तो त्याची पाठ थोपटत होता. यजमान मी, सोवळं नेसलेला मी, धुरानं डोळे लाल झालेला मी. आणि भाव खाऊन गेला तो.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचा स्लॅब टाकून झाला. सकाळी ड्यूटीच्या आधी आणि संध्याकाळी ड्यूटीनंतर तो बांबूच्या शिडीनं वर चढायचा आणि पाइपानं स्लॅबला पाणी द्यायचा. खाली अंगणात पेपर वाचत मी त्याच्याकडे पाहायचं टाळायचो. मग पोळा आला, वहिनी आर्वीला गेल्या, गणपतीला परतल्या. त्याच आठवड्यात तो सेक्शनमध्ये खुर्चीवरून उठता उठता खाली बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

मी त्याला खांदा दिला. शिवनाथच्या घाटावर लोक बोलत होते की अशा माणसाचं असं कसं झालं. मला त्याचा भयंकर राग आला होता. सगळ्या कामांच्या आधी काय येतं हे विचारणारा माणूस, न विचारता गेला.

आता क्वार्टर वहिनींना सोडावं लागणार होतं. पोरगी नागपूरला शिकत होती. घराला छत होतं, पण गिलावा नाही, फरशी नाही, खिडक्या नाहीत, वर जायला जिना नाही. सेक्शनमधला नवा पोरगा म्हणाला, "अंकल, सर की फाइल मशीन में है. निकाल दूँ?" मी नको म्हणालो. घरी आलो, ग्राफचा कागद पसरला आणि पेन्सिलींना टोक केलं.

हे मी दयेनं केलं असं कोणी म्हणालं तर मी भांडेन. मला त्याला हरवायचं होतं. त्याचं घर माझ्या तक्त्यावर पूर्ण करायचं आणि सगळ्यांना दाखवायचं की मशीन नसलं तरी अडत नाही. मी त्या मिस्त्रीच्या मागं भुतासारखा लागलो. फरशीच्या गाडीवर बसून आलो. सुताराच्या दारात सतरंजी टाकून बसलो. गुडघ्यांमुळं शिडी चढवत नव्हती, म्हणून खाली उभा राहून ओरडायचो. वहिनी रोज चहाचा थर्मास घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "भाऊजी, सावलीत उभे राहा ना." होळीच्या आत घर उभं झालं.

घरभरणीला पुन्हा तीच माणसं. दिवाणखान्यात त्याचा फोटो, त्याला हार. आणि जो येईल तो फोटोपुढं हात जोडून म्हणे, "काय प्लॅनिंग होतं! गेल्यावरही घर पूर्ण करून दाखवलं." साहेबही तेच म्हणाले. मी शेजारीच उभा होतो, उन्हानं काळाठिक्कर पडलेला. माझी बायको पंगतीत वाढता वाढता कोणाला तरी सांगत होती, "त्याहिनं सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं ना." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्यावरही हा माणूस माझ्या वाट्याचं काही ठेवायला तयार नव्हता.

वहिनी मात्र जवळ आल्या. "भाऊजी, वरच्या टाकीतून पानी वाहून राहिलं वाटते. पाहता का? आता जिना हाय."

मी पहिल्यांदाच त्याच्या गच्चीवर गेलो. नळ बंद केला आणि मागं वळलो, तर समोर माझं घर. माझ्या घरात छपराचा कठडा तेवढा माझा होता. स्लॅब झाल्यावर मी मुद्दाम त्याचा मिस्त्री नाकारून दुसरा आणला होता आणि स्वतः उभा राहून, माझ्या अकलेनं, तो बांधून घेतला होता. अंगणातून कठडा ओळंब्यासारखा सरळ दिसतो. स्लॅबला पाणी द्यायला हा शिडीनं वर चढला की मी पेपरातून डोकं न काढता खालून हटकून विचारायचो, "काय, कसा झालाय माझा कठडा?" आणि तो पाणी मारता मारता म्हणायचा, "मस्त भाऊ. एक नंबर."

त्याच्या गच्चीवरून कठडा साफ वाकडा दिसत होता. एका टोकाला सुरू होऊन मधेच बाहेर गेलेला, आणि मग ओढूनताणून जागेवर आणलेला. सकाळ-संध्याकाळ हातात पाइप घेऊन तो याच जागी उभा राहायचा. ज्याच्या डोळ्यांतून एक दिवसाची चूक सुटत नव्हती, त्याला हा अख्खा कठडाभर वाकडेपणा रोज दिसत असणार. मी असतो तर पहिल्याच दिवशी सेक्टरभर सांगत फिरलो असतो.

खाली कोणीतरी अजून त्याचं कौतुक करत होतं. मला त्याचा इतका हेवा वाटला की डोळे भरून आले, आणि पंगतीतून बायको हाका मारत होती तरी मला जिना उतरवेना.